पंचनाम्यावरची सही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

'पंचनामा' हा शब्द मला फार आवडतो. अर्धा आपल्या मातीतला, अर्धा फारसी. 'पंच' म्हणजे गावातली पाच शहाणी माणसं. त्यांच्यामुळेच पाचांमुखी परमेश्वर असं आपण म्हणत आलो. 'नामा' म्हणजे लेखी कागद. पोलीस ठाण्यातली सगळी भाषाच अशी मिसळलेली आहे. फिर्याद, जबाब, जामीन, हजेरी, कबुली, मुद्देमाल हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. झडती आणि अटक हे इथले. घरात दखनी बोलणारा आणि मराठीत कविता लिहिणारा माझ्यासारखा माणूस ठाण्याच्या फळ्यावरचे शब्द वाचताना एरवीच्या भीतीतही थोडा खूश होतो.

पण आज शब्दांची कुळकथा सांगायची नाही. एका पंचनाम्यावर माझी सही आहे, तिच्याबद्दल बोलायचं आहे.

1994 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. बी.ए. होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नोकरी नव्हती, म्हणून एका कापड दुकानात हिशेब लिहीत होतो. एका दुपारी ओळखीचे हवालदार दुकानाच्या पायरीशी आले. म्हणाले, "काय कवी, सही झोकात येती न्हवं? चला की मग जरा. पंच पाहिजे." मालकांनी मान हलवली. मी निघालो. वाटेत चहाच्या गाडीवरच्या एकाला घेतलं. तो दुसरा पंच.

शहराबाहेरच्या माळावर पाच-सहा पालं होती. फासेपारध्यांची. एका पालातल्या माणसाला आदल्या रात्रीच धरून नेलं होतं. आता झडती होती. आम्हा दोघांना लिंबाच्या सावलीत थांबायला सांगितलं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. भांड्यांचा आवाज येत होता. मग दोन पितळी घागरी, एक पातेलं आणि चांदीच्या पैंजणांचा जोड बाहेर आला. काखेत पोर घेतलेली एक बाई सारखी म्हणत होती, "साहेब, भांडी माझी हायती. माझ्या लग्नातली." तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. मीही नाही.

ठाण्यात परत आलो तर कागद तयारच होता. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की आम्ही पंचांनी अमुक वस्तू अमुक ठिकाणाहून आमच्या समक्ष काढलेल्या पाहिल्या. आम्ही पाहिलं होतं लिंबाचं खोड. तरी मी सही केली. चहावाल्यानं अंगठा उठवला. हवालदार माझी सही निरखून म्हणाले, "लई देखणी सही हाय तुमची." मग चहा आला. ते हवालदार काही दुष्ट नव्हते. त्यांच्यावर कामाचा ढीग होता, वरून घाई होती, आणि आम्ही आत येऊन काय पाहणार होतो असं त्यांना मनापासून वाटत असावं.

त्या कागदाची किंमत कळायला मला बरीच वर्षं लागली. कायद्याचं शिक्षण माझं नाही. पण त्या सहीनं मला वाचायला लावलं, आणि जे सापडलं त्यात आपल्या कोल्हापूरचा धागा निघाला.

पहिली गोष्ट ही कळली की झडतीला पंच हवेत हा नियम पोलिसांच्या सोयीसाठी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 100 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिचं कलम 103 आहे. दोन्हींचा आशय एकच. झडतीपूर्वी त्या वस्तीतली किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं बोलवायची. झडती त्यांच्या देखत घ्यायची. जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्यांची सही घ्यायची. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं आणि यादीची प्रत त्याला द्यायची. बाईची अंगझडती बाईनंच, मर्यादा राखून घ्यायची. म्हणजे त्या दुपारी कायद्यानं मला माळावर पाठवलं होतं ते तिऱ्हाईत डोळा म्हणून. त्या बाईच्या घागरी तिच्या आहेत की चोरीच्या, हे ठरवणं माझं काम नव्हतं. त्या कुठून निघाल्या ते पाहणं एवढंच काम होतं, आणि तेवढंच मी केलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की ज्या लोकांच्या पालात आम्ही गेलो होतो, त्यांना असा तिऱ्हाईत डोळा कायद्यानं सुमारे ऐंशी वर्षं नाकारला होता.

1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्खी जमातच जन्मानं गुन्हेगार ठरवायची, तिची नोंद करायची, हालचालींवर पहारा ठेवायचा. 1911 पासून तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. गावोगाव हजेरीची पद्धत होती. ज्यांच्यावर संशय, त्या जातींच्या बाप्यांनी रोज चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. परगावी जायचं तर परवानगी काढायची. चोरी झाली की पहिली धाड त्यांच्याच घरावर. इथं गुन्ह्यावरून माणसाचा माग काढत नसत. माणूस आधी ठरलेला असे, गुन्हा मागून चिकटवला जाई. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 साली आलं तेव्हा मराठी मध्यमवर्गाला हे पहिल्यांदा आतून दिसलं. तोवर आपण सगळे लिंबाखालीच उभे होतो म्हणायचं.

आता आपल्या गावचा धागा. 1918 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी बंद केली. वेदोक्त, आरक्षण, वसतिगृहं याबद्दल आपण सारखं बोलतो. हा हुकूम मात्र चार ओळींत उरकला जातो. पण विचार करा. अवतीभवती ब्रिटिश मुलखात याच पद्धतीला कायद्याचं बळ मिळत होतं, तेव्हा एक संस्थानिक म्हणतो की केवळ जन्मावरून कुणाला चावडीवर उभं करता येणार नाही. फासेपारध्यांना तर महाराजांनी आपल्या पदरी पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पहारेकरी केलं.

या हुकमानंतर दोन वर्षांनी, 21 आणि 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली. अध्यक्ष होते एक तरुण प्राध्यापक, भीमराव रामजी आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असं जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं. एका मांडवात दोन माणसं होती. एकानं हजेरी बंद केली होती. दुसऱ्याच्या हातून पुढं भारताच्या राज्यघटनेत पोलिसांच्या हाताला मर्यादा घातली जाणार होती.

ती मर्यादा सहज आली नाही, आणि पूर्णही आली नाही. ती हकीकत मला फार उशिरा वाचायला मिळाली आणि वाचून मी थक्क झालो.

डिसेंबर 1948. घटना समितीत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन नावाचे एक सभासद उठले. त्यांनी दुरुस्ती मांडली की नागरिकाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून आणि जप्तीपासून संरक्षण असावं, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये. असं कलम अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 पासून आहे. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा तिथले जकात अधिकारी कुणाचंही नाव नसलेलं, कुठल्याही घरात शिरण्याचं मोघम वॉरंट खिशात घेऊन फिरत. त्या अनुभवातून ते कलम आलं. आपल्यालाही इंग्रजांचा अनुभव काही वेगळा नव्हता. घटना समितीतल्या कितीतरी सभासदांच्या घरांच्या झडत्या झाल्या होत्या.

डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली. हे नियम फौजदारी कायद्यात आहेतच, त्यात नवं काही नाही. पण उद्याचं कायदेमंडळ ते काढून टाकू शकतं, म्हणून ते त्याच्या हाताबाहेर, घटनेत ठेवणं इष्ट, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रत्यक्ष मतदानाच्या वेळी सभागृहात गोंधळ झाला, आक्षेप आले, मतदान पुढं ढकललं गेलं, आणि काही दिवसांनी दुरुस्ती नामंजूर झाली. म्हणून आपल्या घटनेत घराच्या झडतीबद्दल वेगळं कलम नाही. ज्यांनी ते मागितलं त्या वऱ्हाडच्या काझीसाहेबांचं नाव मी बी.ए. होईपर्यंत एकाही पुस्तकात वाचलं नव्हतं.

माझी आजी आम्हाला शिकवायची की दुसऱ्याच्या दारात बाहेरूनच सलाम करायचा, आतून जाब आला तर आत जायचं, नाहीतर मागं फिरायचं. घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी ही कुराणातली शिकवण आहे. आमच्या शेजारच्या पाटीलकाकांना कुराण ठाऊक नव्हतं, पण तेही आमच्या दारात आले की आधी खाकरायचे. उंबरठ्याचा मान राखणं ही कुणा एकाची रीत नाही. काझीसाहेबांनी ती घटनेत लिहायला सांगितली, एवढंच.

अटकेबाबत मात्र यश आलं. जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' हा अमेरिकेतला शब्दप्रयोग घटना समितीनं वगळला होता आणि 'कायद्यानं घालून दिलेली पद्धत' एवढंच ठेवलं होतं. याचा अर्थ कायदेमंडळ जी पद्धत घालून देईल ती खरी. पुष्कळांना हे खटकलं. त्याची भरपाई म्हणून 15 सप्टेंबर 1949 रोजी आंबेडकरांनी एक नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम 22. अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा. आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं.

24 तासच का? माणूस अटक झाला की तो पोलिसांच्या एकट्याच्या ताब्यात असतो. तिथं तिऱ्हाईत डोळा नाही. तो काळ जेवढा लांबेल तेवढी भीती वाढते. म्हणून घटनेनं घड्याळ लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या आत एका तिसऱ्या माणसानं, पोलीस नसलेल्या माणसानं, त्याचं तोंड पाहायलाच हवं. याच कलमात पुढं प्रतिबंधक स्थानबद्धतेची सूट आहे, हेही सांगायला हवं. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात खटल्याशिवाय डांबून ठेवण्याची तरतूद असावी ही आपल्या घटनेतली मोठी विसंगती आहे आणि तिचा वापर सगळ्या रंगांच्या सरकारांनी केला आहे.

आता कबुलीबद्दल. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हा नियम स्वातंत्र्यानंतरचा असेल असं मला वाटायचं. तो इंग्रजांच्याच काळचा आहे. 1855 साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. महसूल आणि पोलीस खात्यातले लोक रयतेचे कसे हाल करतात ते त्यात आलं. 1861 च्या फौजदारी संहितेत हा नियम घातला गेला, तिथून तो 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 म्हणून आला आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातही टिकून आहे. तो पुरावा कायदा लिहिणाऱ्या फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढं या मारहाणीचं मूळ सांगितलं आहे, त्यात क्रौर्यापेक्षा आळसाचा वाटा मोठा. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून माणसाकडून वदवून घेणं सोपं. हे वाचलं तेव्हा मला लिंबाची सावली आठवली.

घटनेनं त्यावर कलम 20(3) चं कुलूप घातलं. कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. 1978 साली नंदिनी सत्पथी खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी हे संरक्षण न्यायालयापुरतं नाही, ठाण्यातल्या चौकशीपासूनच लागू होतं असं स्पष्ट केलं. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय नार्को चाचणी करायला मनाई केली. आणि एक छोटी पण उपयोगाची गोष्ट. पंचनाम्यावर पंचाची सही घेतात. पण तपासात पोलिसांपुढं दिलेल्या जबाबावर तो देणाऱ्याची सही घ्यायची नसते. तसा कायदाच आहे. किती जणांना हे ठाऊक असतं?

झडतीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की अमेरिकेसारखं कलम आपल्या घटनाकारांनी ठेवलेलं नाही, तेव्हा ते मागच्या दारानं आणता येणार नाही. 1962 साली खरक सिंग यांचा खटला आला. उत्तर प्रदेशातला हा माणूस दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलिसांनी त्याच्या नावे वही उघडली होती आणि रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थापा पडत. न्यायालयानं या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. बाकीची पाळत तशीच ठेवली. शाहू महाराजांनी 1918 साली जे केलं होतं त्याच्या निम्म्या वाटेपर्यंत देशाचं न्यायालय चव्वेचाळीस वर्षांनी पोचलं, असं मी म्हणतो तेव्हा वकील मित्र हसतात. हसू द्यावं.

मग 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 1954 सालच्या निकालातलं उलटं मत रद्द केलं. त्या निकालपत्रात काझी करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची हकीकत आली आहे. नामंजूर झालेला कागद एकोणसत्तर वर्षांनी पुन्हा वाचला गेला.

महाराष्ट्रानं या इतिहासात आणखी भर घातली आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. 1983 साली न्या. भगवती यांच्या निकालानं स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलिसांचा पहारा, स्त्री पोलिसांच्या हजेरीतच चौकशी, आणि न्यायदंडाधिकाऱ्यानं आरोपीला 'कोठडीत तुझा छळ झाला का' असं विचारणं, हे सगळं बंधनकारक केलं. कलकत्त्याच्या डी. के. बसू यांनी 1986 साली असंच एक पत्र लिहिलं. त्यातून 18 डिसेंबर 1996 चा निकाल आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद तिथल्या तिथं करून त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची सही हवी. नातेवाइकाला कळवायला हवं. कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. पुन्हा तेच. कुणीतरी तिऱ्हाईत पाहायला हवा.

एवढं सगळं लिहून झाल्यावर आपल्या शेजारच्या सांगलीत काय घडलं? नोव्हेंबर 2017. जबरी चोरीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण ठाण्यातच मरण पावला. आरोपी पळून गेल्याचं सांगितलं गेलं. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा त्या ठाण्यातल्या पोलिसांनाच अटक झाली, त्यांना बडतर्फ केलं गेलं. खासगीपणाचा तो थोर निकाल येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

तेव्हा निकालांनी काही होत नाही, असं म्हणायचं का? मी तसं म्हणत नाही. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं. नव्या संहितेच्या कलम 105 नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची पोलिसांनी काळजी घ्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला होता. बहात्तर वर्षांनंतरही न्यायालयाला हे बजावावं लागलं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायला हवीत आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत. भाषेत वावरणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड निकाल कोणता?

पण कागद, कॅमेरा, निकाल ही सगळी साधनं. कॅमेरा जिकडं वळवाल तिकडंच बघतो. कागदावर काय लिहिलंय ते सही करणाऱ्यानं वाचलं तरच तो कागद. खरा भरवसा त्या दुकानदारावर, त्या कारकुनावर, त्या चहावाल्यावर टाकलेला आहे. घटना समितीतल्या मोठ्या माणसांनी जे भांडून मिळवलं किंवा गमावलं, ते शेवटी वस्तीतल्या दोन माणसांच्या डोळ्यांवर येऊन थांबतं.

माझ्या पंचनाम्याचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. दीड वर्षानं मला साक्षीचं समन्स आलं. रात्रभर झोप नाही. खरं सांगावं तर सही खोटी ठरते, खोटं सांगावं तर शपथ. सकाळी कोर्टात गेलो. तिथल्या कारकुनानं यादी बघून सांगितलं, "तुमची गरज नाही. आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. जा घरी." मग कळलं की जामिनाला कुणी उभं न राहिल्यानं तो माणूस दीड वर्ष आतच होता. जेवढी शिक्षा होऊ शकत होती तेवढी बहुधा भोगून झाली होती. कबूल केलं तर त्याच दिवशी सुटका, लढला तर आणखी तारखा. त्यानं हिशेब केला. मी हिशेब लिहिणारा माणूस, तो हिशेब मला लगेच कळला. आणि मंडळी, खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं. लाज नंतर आली.

परतताना बिंदू चौकातून आलो. या चौकात 1950 साली, बाबासाहेब हयात असतानाच, त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा अर्धपुतळा कोल्हापूरकरांनी उभारला. चौकाच्या एका अंगाला सबजेलची काळ्या दगडाची भिंत. लहानपणापासून हजारदा पाहिलेली जागा. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही एकदम दिसलं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, घाईघाईनं आला. "चाचा, पंच म्हणून बोलावलंय. लेखी कागद आहे. जाऊ का नको?" मी म्हटलं, "लेखी बोलावलं असेल तर कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, तोही गुन्हा आहे. जा. पण बाहेर थांबू नकोस, आत जा. काय कुठून निघालं ते स्वतः बघ. कागद तिथंच लिहायला सांग. पूर्ण वाच. जे पाहिलं नाहीस ते लिहिलं असेल तर सही करू नकोस. आणि घरवाल्यांना यादीची प्रत मिळाली का ते बघून ये."

संध्याकाळी तो परत आला. मी विचारलं, "काय झालं?"

"साहेब जरा वैतागले. पण आत घेतलं. एक वस्तू लिहिली होती ती तिथं नव्हतीच, मी म्हटल्यावर खोडली. सगळ्याला दोन तास लागले बघा."

माझ्या वेळी चहासकट दहा मिनिटं लागली होती.